तिसरा रकाना

गुरू ग्रह पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिला तेव्हा माझी साफ निराशा झाली. उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेला वाटाणा वरून बघावा तसा तो दिसत होता: फिकट, लहान आणि सतत थरथरणारा. त्याच्यावर पट्टे असतात हे मी वाचलं होतं, फोटोंत पाहिलंही होतं. त्यामुळे दुर्बिणीशेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी "पट्टे दिसले का?" असं विचारल्यावर मी "हो, दोन" असं सांगून टाकलं. एकही दिसला नव्हता.

"बरंय," ते म्हणाले. "मला आज एकच दिसतोय."

हे चाललं होतं कल्याणच्या एका शाळेच्या मैदानावर. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळाने लोकांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता. माझ्या पुढे कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे होते, म्हणजे रांग थांबवून त्यांना माझ्या पुढे आणलं होतं. मोठ्या दुर्बिणीच्या नळीवर एक बारकी दुर्बीण बसवलेली असते, ग्रह कुठे आहे तो आधी शोधून घ्यायला. पाहुण्यांनी त्या बारक्या दुर्बिणीला डोळा लावला, अर्धं मिनिट स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "काय अफाट आहे हो हे विश्व." टाळ्या पडल्या. बारक्या दुर्बिणीवरची टोपी अजून कोणी काढलेली नव्हती. मला हसू आवरेना. दोन मिनिटांनी मी दोन पट्टे पाहिले.

घरी येताना ते दोन पट्टे मला टोचत राहिले, कारण माझा धंदाच असा आहे. मी ठाण्याच्या कोर्टात लघुलेखिका आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, मी टिपते. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की हात ते आपोआप लिहितो. उलटतपासणीत वकील विचारतात, दिव्याचा खांब किती लांब होता, तुम्ही चष्मा लावला होता का. खोटं बोलणारा साक्षीदार बहुधा लवकर ओळखू येतो. अवघड असतात ते सरळमार्गी लोक. त्यांनी एक गोष्ट पाहिलेली असते, चार ऐकलेल्या असतात आणि पाचही ते एकाच आवाजात सांगतात. माझं काम मत द्यायचं नाही, त्यामुळे मी कधी दिलं नाही. मनात मात्र मी स्वतःला त्या लोकांपेक्षा बरी समजत आले होते.

त्या मैदानावर मी गेले होते ते केवळ वेळ जावा म्हणून. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. कोर्टातून घरी आलं की तिचं जेवण, औषधं, कूस बदलणं, अंग पुसणं यांत दहा कधी वाजायचे ते कळायचं नाही. ती गेली आणि सात ते दहा हे तीन तास तसेच उरले. मी वाचायची, पण पुस्तक मिटल्यावर ते कोणाला सांगावं असं घरात कोणी नव्हतं. मैत्रिणी होत्या, त्या आपापल्या घरांत होत्या. टीव्हीवर माणसं इतक्या मोठ्याने बोलतात की तेवढ्यापुरती खोली भरल्यासारखी वाटते, आणि बंद केला की आधीपेक्षा रिकामी.

मंडळातल्या एकाची परगावी बदली झाली, तेव्हा त्याची सहा इंची आरशाची दुर्बीण मी घेतली. दिसायला ती गिझरसारखी आहे आणि जडही साधारण तितकीच. मी डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या बाजूला राहते, चौथ्या मजल्यावर, आणि वर गच्ची. म्हणजे एकच जिना. कारखान्यांकडून वारा आला की तोंडावर रुमाल धरावा लागतो, आणि दिवे इतके की आकाशगंगा दिसण्याचा प्रश्नच नाही. पण ग्रहांना उजेडाचं काही वाटत नाही. गुरू तर भर बाजारातूनही दिसतो.

गच्चीवर संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या तीन बायका फेऱ्या मारतात.

"काय मॅडम, आज कोणाच्या खिडकीत?" पहिल्या दिवशी त्यांतली एक म्हणाली.

"गुरूच्या."

"कुठे राहतो तो? बी विंगला?"

"अगं बघू दे ना त्यांना," दुसरी म्हणाली. "आपल्याला सिरियल, त्यांना हे."

तिघींनीही एकेकदा डोळा लावला. एकीला काही दिसलं नाही, एकीला स्वतःच्या पापण्या दिसल्या, तिसरी "छान आहे" म्हणाली. चौथ्या दिवसापासून त्या मला वळसा घालून फेऱ्या मारायला लागल्या, पाण्याच्या टाकीला घालतात तसा. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. मीही त्यांना कधी थांबवलं नाही. त्यांच्या बोलण्याचे तुकडे येताजाताना कानावर पडत, कोणाची सून, कोणाचा गुडघा, आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या की पुन्हा शांत.

मैदानावर मला "मला आज एकच दिसतोय" म्हणाले होते ते गृहस्थ ठाण्यात राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांच्या भागांची आरेखनं काढली. निवृत्त झाल्यावर ते गुरूची काढायला लागले. मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात. बावन्नाव्या वर्षी कोणाला नव्याने काका म्हणणं मला जमेना, म्हणून मी त्यांना "अहो" यापलीकडे काही म्हटलेलं नाही. ज्या शनिवारी कोर्ट चालू असतं त्या शनिवारी, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या, काम संपलं की मी त्यांच्याकडे निरीक्षण शिकायला जायला लागले. महिन्यातून दोनदा दीड तास. या दीड तासांत मी जेवढं बोलायची तेवढं उरलेल्या पंधरवड्यात मिळूनही बोलत नसेन. कोर्टात मी फक्त दुसऱ्यांचं लिहीत असते.

त्यांच्या पत्नीचा या शिकवणीवर फारसा विश्वास नव्हता. "यांना भाजीत मीठ नाही ते दिसत नाही, आणि गुरूवरचे पट्टे दिसतात," त्या चहा ठेवताना म्हणायच्या.

"मीठ दिसत नसतं. चवीला कळतं," ते म्हणायचे.

"ते तरी कळतं का?"

शिकवायची त्यांची रीत कोरडी होती. पहिला धडा स्टुलाचा. "बसून बघा. गुडघे दुखत असले की ग्रह लहान दिसतो." दुसरा डोळ्यांचा. ज्या भिंगाला डोळा लावायचा, ज्याला सगळे आयपीसच म्हणतात, त्याला डावा लावायचा की उजवा ते आधी ठरवा, आणि दुसरा मिटू नका, त्यावर फडकं बांधा. मिटलेला डोळा उघड्याला ओढतो. तिसरा धडा सर्वांत कठीण होता: पंधरा मिनिटं पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसतं बघायचं. आपल्या डोक्यावरची हवा वाहत्या पाण्यासारखी असते, तिच्यातून ग्रह सारखा डुचमळतो. पण मधूनच, मिनिटातून एखादा क्षण, ती थांबते. तेवढ्यात जे दिसतं ते दिसतं. निरीक्षण म्हणजे बहुतेक वेळ त्या क्षणाची वाट बघत बसणं. याची मला सवय होती. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

चित्र काढायला ते कोरे कागद द्यायचे. त्यावर गुरूचा आकार आधीच आखलेला असायचा, वरून-खालून किंचित दाबलेला, कारण गुरू पूर्ण गोल नाही. खाली तीन रकाने. पहिला, "दिसलं". दुसरा, "वाटलं". तिसरा, "माहीत होतं". हा तिसरा रकाना त्यांनी स्वतः काढलेला होता आणि तो गच्चीवर जायच्या आधी भरायचा असे. आज कुठला फोटो पाहिला, कुठला तक्ता वाचला, कोणी फोनवर काय सांगितलं, सगळं त्यात लिहायचं.

"माहिती असलेल्याने बघू नये असं नाही," ते म्हणाले. "पण माहीत होतं हे लिहून ठेवा. नाहीतर नंतर तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही, डोळ्याने किती बघितलं आणि डोक्याने किती."

मी मान डोलावली. कोर्टातल्या बाईला हे काय सांगायचं, असंही मनात आलं.

पहिल्या महिन्यात मला एक पट्टा दिसायला लागला. मग दोन. मग असं लक्षात आलं की दोन्ही सारखे नाहीत, एक रुंद आहे आणि एकाची कड खरखरीत आहे. हे कोणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी गुरूच्या एका टोकाशी राखी छटा दिसली आणि मी इतकी खूश झाले की फेऱ्या मारणाऱ्या बायकांना थांबवून सांगावंसं वाटलं. त्या तेव्हा गच्चीच्या पलीकडच्या टोकाला होत्या. त्या वळून येईपर्यंत माझा विचार बदलला होता. कागदावर राखी छटा रंगवली आणि शनिवारची वाट बघत बसले.

ठाण्याचे गृहस्थ माझे कागद क्रमांक घालून एका जाड फायलीत लावायचे. त्यात मंडळातल्या चार-पाच लोकांची चित्रं होती. बरी असली तर "ठीक" म्हणायचे. "सुरेख" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि मला तो ऐकायचा होता. पन्नाशीनंतर माणसाला इतकी साधी हाव सुटू शकते याचं मला आश्चर्य वाटतं, पण सुटली होती खरी.

गुरूवर एक लाल ठिपका आहे. ठिपका म्हणजे आपल्या पृथ्वीहून मोठं वादळ. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ठिपका कधी आपल्या बाजूला असतो, कधी पलीकडे. तो समोर कधी येणार याचे तक्ते मिळतात. एका गुरुवारी मी कोर्टातल्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर तक्ता पाहिला. वीस दहा, म्हणजे रात्रीचे आठ दहा. आठ दहाला मी स्टुलावर होते. पंधरा मिनिटं पेन्सिलला हात लावला नाही. हवा थांबली, आणि रुंद पट्ट्याच्या कडेला, बरोबर मधोमध, तो मला दिसला: फिकट, विटलेल्या विटेच्या रंगाचा, एका बाजूने धूसर. हवा पुन्हा थांबली, पुन्हा दिसला. माझ्या हातून इतकं चांगलं चित्र आजवर निघालं नव्हतं.

तिसरा रकाना मी गच्चीवर जायच्या आधी भरला नव्हता. चित्र झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं. तक्ता पाहिल्याचं लिहिलं तर ठिपका सापडल्याची निम्मी मजा जाणार होती. मी तो कोरा ठेवला.

शनिवारी त्यांनी चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं. कोरा तिसरा रकाना पाहिला. "काही माहीत नसताना?" त्यांनी विचारलं. मी काही बोलले नाही, आणि ते "सुरेख" म्हणाले. त्यांनी पत्नीला हाक मारून चित्र दाखवलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पणतीवर काजळी धरल्यासारखं."

त्याच महिन्याच्या शेवटी मी पुन्हा तक्ता उघडला, तेव्हा वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं की सगळ्या वेळा ग्रीनिचच्या आहेत. त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे असतात. मी मिळवले. त्या गुरुवारी ठिपका मध्यावर यायची वेळ रात्री एक चाळीस होती. मी पाहत होते तेव्हा तो गुरूच्या पार मागच्या बाजूला होता. तिथे दिसायला काहीही नव्हतं.

चूक आकड्याची होती आणि ती कोणाच्याही हातून होते. माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. मला तो दिसला होता. मी खोटं काढलं नव्हतं. धूसर कडेसकट, रंगासकट तो माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि डोळे मिटले तर अजूनही आहे. मग त्याआधीच्या राखी छटेचं काय? खरखरीत कडेचं काय? हे विचारायला या जगात एकच माणूस होता, आणि त्याला विचारायचं तर कोऱ्या रकान्याचं सांगावं लागणार होतं. सांगितलं असतं तर महिन्याचे ते दोन शनिवार गेले असते, असं मला वाटत होतं. मी तीन शनिवार त्यांच्यासमोर बसून चहा प्यायले, नवीन चित्रं दिली, "ठीक" ऐकलं आणि घरी आले.

मग फ्लेक्स लागला.

मंडळाने चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं आणि एका उत्साही कार्यकर्त्याने फायलीतलं सर्वांत देखणं चित्र फोटो काढून फ्लेक्सवाल्याला दिलं. मानपाडा रस्त्याच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या वर, दहा फूट रुंद गुरू. ठिपका त्यांनी टोमॅटोसारखा लाल करून घेतला होता. भोवती अकरा चेहरे, गोल चौकटींत, मानाप्रमाणे जवळ आणि लांब. गुरूला चंद्र पुष्कळ आहेत, त्यांत अकरांची भर पडली होती. आरशाच्या दुर्बिणीत ग्रह उलटा दिसतो आणि आम्ही तो तसाच काढतो. फ्लेक्सवाल्याने चित्र उलटं छापलं होतं, त्यामुळे योगायोगाने गुरू सुलट झाला होता. खाली लिहिलं होतं, "डोंबिवलीच्या भगिनीने स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेला".

मी कार्यकर्त्याला फोन केला. ते चित्र चुकीचं आहे म्हणून सांगितलं.

"मॅडम, फ्लेक्स लागलाय आता," तो म्हणाला. "पब्लिकला काय घेणंदेणं, ठिपका होता का नव्हता."

"नव्हता."

"पण तुम्ही काढलाय ना?"

"हो."

"मग झालं तर. आणि फ्लेक्सवरच्या साहेबांना आवडलाय तो."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. कोर्ट सुटल्यावर मी ठाण्याच्या त्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. "आज सोमवार ना? काही झालं का?" ते आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मोड आलेले वाल सोलत बसले होते.

"सत्ताविसावं, ठिपक्याचं चित्र फायलीतून काढा," मी म्हणाले. "प्रदर्शनातूनही."

"का?"

"मी आधी तक्ता पाहिला होता. आणि चुकीचा वाचला."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, तक्ता शोधून काढला आणि वालांच्या बाजूला, वर्तमानपत्राच्या कडेला, बेरीज मांडली.

"साडेपाच तास राहिले मिळवायचे," ते म्हणाले.

"हो."

"होतं तसं. माझंही झालंय." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तिसरा रकाना भरायला विसरलात?"

ही वाट त्यांनी मला आपणहून काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

"विसरले नाही. मुद्दाम कोरा ठेवला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि ठिपका? दिसला होता का खरंच?"

"दिसला होता. डावीकडून जरा धूसर. आत्ताही सांगते, दिसला होता."

"त्याचीच भीती असते," ते म्हणाले.

"अहो, एक ठिपका तो," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

"ठिपक्याचं काही नाही. मी रकान्यांवर जातो. एक कोरा रकाना खोटा निघाला, तर बाकीच्यांत काय आहे ते मला कसं कळणार?"

त्यांनी फाईल काढली आणि माझी सगळी चित्रं, पहिल्या एका पट्ट्यापासूनची एकेचाळीस, एकेक करून तिच्यातून सोडवली. कागद फाटू नयेत म्हणून क्लिप अगदी सावकाश उघडत होते. मला त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. खाकी पाकिटात घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "चहा घेऊन जा," म्हणाले. मी चहा प्यायले. पुढच्या शनिवारी या, असं कोणी म्हणालं नाही.

कार्यकर्त्याने प्रदर्शनातून चित्र काढलं. फ्लेक्स मात्र राहिला. मी रोज त्याखालून जायची. दोन आठवड्यांनी त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बसला, तेव्हा माझी सुटका झाली.

पुढचे दोन शनिवार मी सरळ घरी आले. दुर्बीण मात्र वर नेत राहिले, कारण सात ते दहा तसेच होते. फरक इतकाच की आता काढलेलं चित्र कोणाला द्यायचं नव्हतं. आणि एक विचित्र गोष्ट झाली. मला काहीच दिसेना. स्टुलावर बसायची, डोळ्यावर फडकं बांधायची, हवा थांबायची, दोन पट्टे समोर यायचे, आणि मी स्वतःला विचारायची, हे दिसताहेत की माहीत आहेत? आठ-दहा दिवस मी नुसते रिकामे अंडाकार घेऊन खाली आले. त्यावर तारीख आणि वेळ लिहायची, पहिल्या रकान्यात लिहायची, "काही नाही." गच्चीवर एवढी एकटी मी त्याआधी कधी नव्हते. आधी निदान गुरू तरी सोबतीला होता.

मग मी दिसणाऱ्या गोष्टीची उलटतपासणी घ्यायला लागले. नळीला हलकी टिचकी मारून ग्रह भिंगाच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा. जे दिसलं ते ग्रहाबरोबर गेलं की डोळ्यातच राहिलं? उजव्या डोळ्यावर फडकं, डाव्याने बघायचं. उठून गच्चीच्या कठड्यापर्यंत जायचं, खालच्या रिक्षा बघायच्या, परत येऊन आपण कुठे काय पाहिलं होतं ते विसरल्यासारखं बघायचं. तीन वेळा. तीनही वेळा तेच तिथेच असेल तर कागदावर. पहिला पट्टा या परीक्षेला उतरला, तेव्हा मला त्याच्याबद्दल जवळजवळ आदर वाटला. दुसरा दोन दिवसांनी उतरला. राखी छटा उतरली नाही. खरखरीत कड उतरली.

त्या लाल ठिपक्याची अशी तपासणी मी कधी केली नव्हती. त्याची गरजच वाटली नव्हती, मी त्याची वाट बघत बसले होते.

एका रविवारी सकाळी ठाण्याहून फोन आला. "बुधवारी संध्याकाळी सात चाळीसला मी बघणार आहे," ते म्हणाले. "तुम्हीही बघा. वीस मिनिटं. मध्ये फोन करायचा नाही. चित्र पाकिटात बंद करून शनिवारी आणा." मी बरं म्हणाले. तब्येत कशी आहे वगैरे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बुधवारी गच्चीवर जायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून तिसरा रकाना भरला. तक्ता पाहिला नव्हता, फोटो पाहिले नव्हते. तरी लिहायला एक गोष्ट होती आणि ती मी लिहिली: "आज याच वेळी ठाण्यातही कोणी बघत आहे. मला जे दिसेल ते त्यांनाही दिसावं अशी इच्छा आहे." लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

सात चाळीसला हवा बरी होती. फेऱ्यावाल्या बायका जिन्याजवळ उभ्या राहून कोणाच्या तरी लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होत्या. दोन पट्टे आले. अरुंद पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, मध्यापासून जरा उजवीकडे, एक गडद गाठ होती. शाईचं बोट लागावं एवढी. मी टिचकी मारली, गाठ ग्रहाबरोबर सरकली. डोळा बदलला, होती. कठड्यापर्यंत जाऊन आले, होती. पुन्हा जाऊन आले. चौदा मिनिटांनी ती थोडी सरकलेली वाटली, गुरू फिरतो तशी. मी पेन्सिल उचलली आणि गाठ पहिल्या रकान्यात लिहिली. "दिसलं."

शनिवारी त्यांच्या पत्नीने भाजीच्या सुरीने दोन्ही पाकिटं फोडली. "घ्या, लागला निकाल," म्हणाल्या आणि कागद शेजारी-शेजारी ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

त्यांच्या चित्रात दोन पट्टे होते, दोन्ही टोकांना हलकी छाया होती. गाठ नव्हती.

"हे काय इथे?" त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"गाठ."

"मला दिसली नाही."

ते माझा कागद वाचत राहिले. पहिला रकाना, दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यावर त्यांना बराच वेळ लागला.

"एकालाच दिसलं असेल तर दुसऱ्या रकान्यात टाकता येतं," शेवटी ते म्हणाले. "वाटलं म्हणून. तुमची हरकत नसेल तर. मग दोन्ही चित्रं जुळतील आणि फायलीत एकत्र लावता येतील."

ते हे मायेने म्हणत होते की मला पारखत होते, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही माहीत नाही. हो म्हणणं अगदी सोपं होतं. एक शब्द एका रकान्यातून शेजारच्या रकान्यात, आणि शनिवार परत. मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. गाठ होती तिथेच होती.

"नको," मी म्हणाले. "मला दिसली."

"नक्की?"

"नक्की. पाच वेळा तपासली."

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या कागदाच्या समासात, जन्मभर यंत्रांच्या भागांवर मापं लिहिलेल्या त्या उभ्या सरळ अक्षरांत लिहिलं: "एका निरीक्षकाला दिसली, दुसऱ्याला नाही. हवा दोन्हीकडे बरी." मग वरच्या कोपऱ्यात क्रमांक घातला, एक. क्लिप उघडली आणि कागद फायलीत लावला. त्यांचा स्वतःचा त्याच्या मागे.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "खरंच असेल का तिथे?"

"मला काय विचारता," ते म्हणाले. "मी ठाण्यात होतो."

त्यांच्या पत्नीने चहा आणायला आत जाताना मला विचारलं, पुढच्या वेळी येताना डोंबिवलीहून चांगले पोह्याचे पापड मिळाले तर आणशील का. मी आणते म्हणाले. ते कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढत होते.